लेनिनचं ‘नेप’: माघार होती की डाव, आणि ते टिकलं का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रशियात 1917 मध्ये खासगी मालकी संपवायला निघालेल्या बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाने, 1921 मध्ये बाजार परत उघडला, छोटे कारखाने भाड्याने दिले, परदेशी भांडवलदारांनाही आवतण धाडलं. या नव्या आर्थिक धोरणाला, म्हणजे ‘नेप’ला, तत्त्वाला दिलेली तिलांजली म्हणायचं की वेळ मारून नेण्याचा डाव? आणि अशीच तडजोड चीन-व्हिएतनाममध्ये टिकली, मग रशियात ती सात-आठ वर्षांत का मोडली? तुमच्या अभ्यासगटात यावरून दोन तट पडलेत आणि गाइडमध्ये ‘नेप ही व्यावहारिक माघार होती’ एवढंच वाक्य आहे, असं तुम्ही लिहिलंय.

मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या एका कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवला. दरवर्षी वर्गात हेच दोन तट पडायचे. निष्ठा की संधिसाधूपणा हा वाद नेत्यांच्या मनात काय होतं याचा आहे आणि तो कितीही रंगला तरी हाती फारसं काही लागत नाही. म्हणून मी मुलांना वेगळाच प्रश्न टाकायचे: गावातलं धान्य शहरात येणार कसं? ज्या देशात पाचापैकी चार माणसं खेड्यात राहतात, तिथे क्रांती शहरातल्या कामगाराच्या नावाने झाली तरी तिला जेवू घालणारा शेतकरीच असतो. सरकार त्याच्याकडून धान्य तीनच मार्गांनी काढू शकतं. विकत घेऊन, कर म्हणून, नाहीतर हिसकावून. 1918 ते 1929 या काळात सोव्हिएत सरकारने तिन्ही करून पाहिले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या क्रमात आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पहिली तडजोड 1921 ची नाही. क्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी काढलेला जमिनीचा हुकूम घ्या. मोठ्या शेतांवर सामुदायिक शेती हे बोल्शेविकांचं स्वतःचं धोरण होतं. हुकमात मात्र जमीनदारांची जमीन गावांच्या हवाली केली गेली आणि तिच्या वाटपाचा आराखडा शेतकऱ्यांत जोर असलेल्या समाजवादी क्रांतिकारी पक्षाच्या कार्यक्रमातून जसाच्या तसा उचलला. लेनिनने ते लपवलं नाही. खालून आलेली मागणी आपल्याला पटत नसली तरी डावलता येणार नाही, असं तो त्याच सभेत म्हणाला. म्हणजे शेतकऱ्याशी देवघेव पहिल्या दिवसापासून चालू होती.

मग यादवी युद्ध पेटलं. 1919 च्या जानेवारीपासून सक्तीची धान्यवसुली सुरू झाली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना लेव्ही आठवत असेल, पण हे प्रकरण त्याहून कडक होतं. सैन्याला आणि शहरांना किती लागतं हे वर ठरायचं. तो आकडा प्रांत, तालुका, गाव असा खाली वाटून दिला जायचा आणि तेवढं धान्य हत्यारबंद तुकड्या उचलून न्यायच्या. मोबदल्यात मिळणाऱ्या नोटा कागदाच्या भावाच्याही नव्हत्या. शेतकऱ्याने यावर जे केलं ते कोणीही केलं असतं. धान्य जमिनीत पुरून ठेवलं, आणि पुढच्या हंगामात पेराच कमी केला. शहरातली माणसं पोती घेऊन आगगाडीच्या टपावर बसून खेड्यात जायची, घड्याळ नाहीतर कोट देऊन पीठ आणायची. हा व्यापार बेकायदा होता, तरी शहराच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा मोठा भाग याच पोत्यांतून येत होता. मॉस्कोतला सुखारेव्का बाजार 1920 च्या डिसेंबरात बंद केला गेला. तेव्हा लेनिन म्हणाला की मैदानावरच्या सुखारेव्काची भीती नाही. प्रत्येक छोट्या मालकाच्या मनात आणि वागण्यात जी सुखारेव्का आहे तिची आहे. निदान अगदी बरोबर होतं. उपाय मात्र तोपर्यंत बंदूक हाच होता.

1920 पर्यंत मोठ्या उद्योगांचं उत्पादन 1913 च्या पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली आलं. वीस लाखांहून मोठ्या पेट्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) सात लाखांच्या आसपास माणसं उरली, बाकीची मेली किंवा अन्न शोधत गावाकडे गेली. कामगारवर्गाच्या राज्यात कामगारच दिसेनासा झाला.

इथे मुलं हमखास विचारायची, इतकं वाईट चाललं होतं तर धोरण आधीच का नाही बदललं? कल्पना नवी नव्हतीच. वसुलीऐवजी ठरावीक कर घ्या असं युद्धमंत्री त्रोत्स्कीने 1920 च्या सुरुवातीला सुचवलं होतं आणि पक्षाच्या केंद्रीय समितीने ते फेटाळलं होतं. बोल्शेविकांचे समाजवादी विरोधक मेन्शेविकही असंच काही सांगत होते. माझ्या मते याचं कारण युद्धाच्या आघाडीवर सापडतं. जोवर बोल्शेविकांविरुद्ध लढणारी श्वेत सेना मैदानात होती तोवर शेतकऱ्याला दोन वाइटांतलं एक निवडायचं होतं. श्वेत जिंकले तर जमीनदार परत येणार. त्यापेक्षा धान्य गेलेलं परवडलं, म्हणून त्याने वसुली कशीबशी सोसली. 1920 च्या नोव्हेंबरात श्वेत सेनापती व्रांगेलचं सैन्य क्रिमियातून जहाजांत बसून निघून गेलं आणि सोसण्याचं कारणच संपलं. तांबोव प्रांतात शेतकऱ्यांचं बंड आधीच भडकलं होतं. फेब्रुवारीत पेट्रोग्राडमध्ये संप झाले आणि मार्चच्या सुरुवातीला शेजारच्या क्रोन्श्टाट या नौदल तळावरचे खलाशी उठले, ज्यांनी 1917 मध्ये याच पक्षाला साथ दिली होती.

क्रोन्श्टाटच्या मागण्यांतली एक मुद्दाम वाचा. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर आणि जनावरांवर पूर्ण हक्क द्या, मात्र त्याने मजूर लावता कामा नये. बर्फावरून सैन्य पाठवून ते बंड चिरडलं आणि त्याच महिन्यात ही आर्थिक मागणी मान्य करायला सुरुवात झाली. पुढे 1922 च्या जमीन कायद्याने तर मर्यादित प्रमाणात मजूर लावायला आणि जमीन खंडाने द्यायलाही परवानगी दिली. म्हणजे बंडखोरांनी मागितलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं, फक्त बंडखोरांना नाही. सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांच्या परिषदांच्या, मोकळ्या निवडणुकांची त्यांची राजकीय मागणी मात्र कोणी ऐकली नाही. हा धागा हातात ठेवा, पुढे लागेल.

21 मार्च 1921 च्या हुकमाने वसुलीच्या जागी धान्यरूपी कर आला. आदल्या वर्षी धान्यवसुलीचं लक्ष्य 42.3 कोटी पूड होतं. कराचा आकडा 24 कोटी पूड ठेवला. (एक पूड म्हणजे सोळा किलोंपेक्षा थोडं जास्त.) आकडा कमी झाला हे महत्त्वाचंच, पण मला त्याहून मोठा बदल वेळेत दिसतो. कर पेरणीआधी जाहीर होणार आणि तो भरल्यावर उरलेलं धान्य शेतकऱ्याचं. जास्त पेरलं तर जास्त राहील, एवढं साधं गणित त्याला तीन वर्षांनी परत करता आलं. पहिल्या वर्षी मात्र व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. पन्नास लाखांच्या आसपास माणसं गेली आणि अमेरिकेच्या मदत संस्थेची अन्नछत्रं देशात उघडू द्यावी लागली. धोरणाचं फळ दिसायला 1922 ची सुगी उजाडली.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. माघार होती का? होती, आणि लेनिनने ती कबूल केली. ऑक्टोबर 1921 मध्ये त्याने सांगितलं की आर्थिक आघाडीवर आपला झालेला पराभव श्वेत सेनापती कोल्चाक, देनिकिन किंवा पोलंडच्या पिल्सुद्स्कीने केलेल्या कोणत्याही पराभवापेक्षा गंभीर आहे. डाव होता का? सगळा नव्हता. सुरुवातीला बेत असा होता की उरलेल्या धान्याची देवाणघेवाण गावपातळीवर, सरकारी मालाशी, शक्यतो पैशाविना व्हावी. सरकारकडे द्यायला मालच नव्हता, त्यामुळे काही महिन्यांत ती साधी खरेदीविक्री होऊन बसली आणि सरकार तिच्या मागून फरफटत गेलं. आधी बाजार, मग त्याला कायदा, मग नाणं, असा क्रम लागला. ठरवून आखलेलं धोरण असं दिसत नाही. पण एकदा त्यात पडल्यावर लेनिनला त्यातून काही नवं सुचत गेलं हेही खरं. 1923 च्या सुरुवातीला आजारपणात सांगून लिहवून घेतलेल्या सहकारावरच्या टिपणात समाजवादाकडे बघण्याची आपली दृष्टीच बदलली आहे, असं तो म्हणतो. म्हणून तुमच्या गटातले दोन्ही तट अर्धे अर्धे बरोबर आहेत.

सरकारने हातात काय ठेवलं, तेही बघा. मोठे कारखाने, बँका, रेल्वे आणि परदेशी व्यापार. 1923 च्या औद्योगिक गणनेत सुमारे 88 टक्के उद्योग खासगी निघाले, पण ते चक्क्या, चांभारकाम, छोटे कारखाने असे. औद्योगिक कामगारांपैकी 84 टक्के सरकारी कारखान्यांतच होते. दुकानदारीत चित्र उलटं. 1922-23 मध्ये किरकोळ विक्रीचा तीन चतुर्थांशाहून जास्त हिस्सा खासगी व्यापाऱ्यांकडे होता. कारखाना सरकारचा आणि दुकान शेटचं, अशी ही विभागणी. परदेशी व्यापाराची मक्तेदारी सैल करावी असं 1922 मध्ये पक्षाचे नेते बुखारिन आणि सोकोल्निकोव यांचं मत होतं. लेनिन अंथरुणाला खिळलेला असतानाही त्यावर भांडला आणि वर्षाअखेरीस त्याने निर्णय फिरवून घेतला.

सोकोल्निकोवचं नाव गाइडमध्ये सापडणार नाही, पण नेप चाललं ते बऱ्याच अंशी या अर्थमंत्र्यामुळे. बाजार उघडून चालत नाही, बाजाराला पैसा लागतो, आणि सोव्हिएत रूबल दिवसागणिक वितळत होता. 1922 च्या शेवटी स्टेट बँकेने चेर्वोनेत्स नावाची नवी नोट काढली. तिचं मोल जुन्या दहा सोन्याच्या रूबलांएवढं, म्हणजे 7.74 ग्रॅम शुद्ध सोन्याएवढं ठरवलं. निदान चौथा हिस्सा सोनं आणि पक्कं परकीय चलन यांच्या आधारावर, बाकी लवकर खपणारा माल आणि अल्पमुदतीच्या हुंड्यांवर. वर्षभराहून अधिक काळ दोन चलनं शेजारी शेजारी चालली. खिशात जुन्या नोटा असलेला माणूस त्या त्याच दिवशी खर्चायला धावायचा, कारण दुसऱ्या दिवशी भाव वेगळा. 1924 मध्ये जुन्या नोटा मोडीत काढल्या तेव्हा 1923 च्या पन्नास हजार रूबलांना एक नवा रूबल मिळाला, आणि 1923 चा एक रूबल स्वतःच आधीच्या दहा लाखांचा होता. अंदाजपत्रक जुळवायला कारखान्यांचं अनुदान कापलं, कामगारांना घरी बसवलं. 1924 च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर होता. तडजोडीची झळ कोणाला लागली हे विचारलंत तर उत्तर हे आहे, आणि म्हणूनच कामगारांत ‘नेप म्हणजे कामगारांचं नवं शोषण’ अशी कडवट थट्टा चालायची.

यानंतर 1923 ची ‘कात्री’, म्हणजे कारखानी मालाचे भाव वर आणि शेतमालाचे खाली असं उघडत गेलेलं अंतर. 1913 चा भाव शंभर धरला तर त्या ऑक्टोबरात कारखान्यातल्या मालाचा भाव 276 झाला होता आणि शेतमालाचा 89. मी हे दोनच आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारायचे, तुमच्याकडे दहा पोती आहेत, काय कराल? भागाकार करून बघा. पूर्वी एका पोत्यात येणाऱ्या कापडाला आता तीन पोती लागतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. भाव नाही म्हणून सोयाबीन घरात थप्पी लावून ठेवायचं, गरजेपुरतं मोंढ्यावर न्यायचं, हे त्यांनी घरी पाहिलेलं. त्यांचं उत्तर क्षणात यायचं: ‘विकणार नाही, मॅडम. जनावरांना घालू.’ व्होल्गाकाठच्या शेतकऱ्याने तेच केलं. सरकारी कारखाने मक्तेदार होते, माल अडवून भाव चढवत होते. सरकारने त्यांचं कर्ज आवळलं, भाव उतरवायला लावले, आणि कात्रीची पाती जवळ आली.

ते संकट किमतींनीच सोडवलं, हे मी मुद्दाम अधोरेखित करते. म्हणजे 1923-24 मध्ये सरकारला ही कला येत होती. 1925 मध्ये बुखारिनने शेतकऱ्यांना जाहीरपणे ‘श्रीमंत व्हा’ म्हणून सांगितलं. 1926 च्या सुमारास शेती आणि उद्योग दोन्ही साधारण युद्धापूर्वीच्या पातळीला पोचले.

मग बिनसलं कुठे? तोवरची वाढ बंद पडलेली यंत्रं परत चालू करून झाली होती. ती सगळी फिरू लागल्यावर पुढच्या वाढीला नवे कारखाने हवेत आणि त्याला पैसा हवा. परदेशातून कर्ज मिळत नव्हतं, कारण झारची कर्जं बुडवलेली. पक्षातला अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्कीचं म्हणणं, शेतीतून भावांच्या मार्फत जादा काढून घ्या. बुखारिनचं म्हणणं, शेतकरी सुखावला की तो माल विकत घेईल आणि उद्योग हळूहळू वाढेल. दोघांच्याही बाजूने बोलता येतं. प्रेओब्राझेन्स्की निदान हिशेब उघड मांडत होता. सरकारने प्रत्यक्षात केलं ते दोघांच्याही सल्ल्यात बसत नाही. उद्योगांत गुंतवणूक झपाट्याने वाढवली आणि 1926 मध्ये धान्याचा खरेदीभाव उलट खाली आणला. कारखान्यातला मालही स्वस्त ठेवला, त्यामुळे तो दुकानातून गायब झाला. शेतकऱ्याला धान्य विकून जो पैसा मिळेल त्याचं घ्यायला काही नाही. त्यात मांस, अंडी, जवस यांचा भाव बरा. त्याने ते विकलं, कर भरला आणि धान्य कणगीत ठेवलं. 1927 च्या मे महिन्यात ब्रिटनने संबंध तोडल्यावर युद्धाच्या वावड्या उठल्या, तेव्हा ठेवलेलं धान्य आणखी घट्ट धरलं गेलं. 1927 च्या जानेवारीपर्यंत सरकारी खरेदी 42.8 कोटी पूड झाली होती. 1928 च्या जानेवारीत ती 30 कोटी भरली.

भाव वाढवता आला असता. त्याऐवजी स्तालिन जानेवारीत सायबेरियाला गेला, फौजदारी कायद्याचं साठेबाजीविरुद्धचं कलम 107 लावायला लावलं, गावोगाव धान्य जप्त झालं आणि बाजार बंद पडले. त्या वर्षी धान्य मिळालं. पण शेतकऱ्याला कळायचं ते कळलं, की कर भरून उरलेलं आपलं हे वचन संपलं. पुढच्या पेऱ्यावर त्याचा परिणाम झाला, मग आणखी सक्ती, आणि 1929 च्या अखेरीस सरसकट सामूहिकीकरण. 1932-33 चा दुष्काळ याच वाटेवर पुढे येतो.

मघाचा धागा आता जोडते. पक्षाच्या ज्या दहाव्या अधिवेशनाने मार्च 1921 मध्ये बाजार उघडला, त्याच अधिवेशनाने पक्षातले गट बेकायदा ठरवले. व्यापाऱ्याला दुकान टाकायची परवानगी होती, पण 1918 च्या राज्यघटनेने त्याचा मताधिकार काढला होता तो तसाच राहिला. नफ्यासाठी मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यालाही मत नव्हतं. शेतकऱ्यांचा स्वतःचा पक्ष म्हणावा तर समाजवादी क्रांतिकारकांच्या नेत्यांवर 1922 मध्ये खटले चालले. म्हणजे करार सरकार आणि शेतकरी यांच्यात झाला, पण तो मोडला तर दाद मागायला शेतकऱ्याकडे काहीच नव्हतं, धान्य अडवण्याशिवाय. आणि ते अडवणं हाच गुन्हा ठरला. 1928 च्या जुलैमध्ये बुखारिनला सक्तीविरुद्ध पाठबळ हवं होतं, तर त्याला आधीच हरलेल्या विरोधी गटातल्या कामेनेवला चोरून भेटावं लागलं, आणि पुढे ती भेटच त्याच्यावर शेकली. पक्षातल्या गटांवरच्या बंदीला त्याने स्वतः 1921 मध्ये हात वर केला होता.

एवढ्यावरून ‘लोकशाही असती तर नेप टिकलं असतं’ असं म्हणायला मी धजणार नाही. परदेशी पैसा नाही, शेजारी शत्रू, आणि उद्योग घाईने उभारायचेत, अशा देशात शेतकऱ्याला बरा भाव देणं कोणत्याही सरकारला जड गेलं असतं. वाढ मंद झाली असती. किती मंद, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात.

चीनचं उत्तर म्हणूनच वेगळं येतं. तिथे शेतीतली तडजोड 1978 नंतर आली, म्हणजे अवजड उद्योग उभे झाल्यावर, तेही शेतकऱ्याला पिळून आणि मोठा दुष्काळ ओढवून. 1979 मध्ये सरकारने धान्याचा कोट्यातला खरेदीभाव 20 टक्क्यांनी वाढवला आणि कोट्यावर दिलेल्या धान्याला आणखी 50 टक्के जास्त दिले. 1926 मध्ये मॉस्कोने केलं त्याच्या बरोबर उलट. राजकीय दाद मागायची सोय तिथेही नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं. माझ्या मांडणीला ते अडचणीचं आहे. व्हिएतनामने 1988 मध्ये जमीन कुटुंबांच्या हवाली केली आणि 1989 मध्ये चौदा लाख टनांच्या आसपास तांदूळ निर्यात केला. क्यूबाने 1980 मध्ये शेतकऱ्यांचे मोकळे बाजार उघडले, 1986 मध्ये बंद केले आणि सोव्हिएत मदत आटल्यावर 1994 मध्ये परत उघडले. तिथे तर तडजोड येते-जाते ती बाहेरून किती पैसा येतो त्यावर.

परीक्षेच्या उत्तराला तुम्हाला दीडशे-दोनशे शब्दच मिळणार. ते कात्रीच्या दोन आकड्यांवर आणि 1928 च्या जानेवारीवर खर्च करा. गाइडमध्ये परदेशी कंपन्यांना दिलेल्या खाणी-कारखान्यांच्या सवलतींवर अर्धं पान असतं, त्याला एक ओळ पुरे. ते करार गाजले खूप, पण देशाच्या उत्पादनात त्यांचा वाटा नगण्य राहिला.